एका पेटीत सिलेंडर आणि बॅटरी : पानिपतच्या वाटेवरचा एक प्रश्न



आजचा भाग एका काकांच्या प्रश्नावर आहे. काका सातारा जिल्ह्यातले. जानेवारीत त्यांचा सहा जणांचा ग्रुप पानिपतला निघणार आहे. १४ जानेवारी १७६१ चा दिवस. त्या लढाईत पडलेल्यांची आठवण म्हणून दरवर्षी १४ जानेवारीला पानिपतजवळच्या काला आंब इथं शौर्य दिन होतो. महाराष्ट्रातून माणसं जातात. पानिपत, करनाल, कुरुक्षेत्र या भागातला रोड मराठा समाजही तिथं जमतो. साताऱ्याहून पानिपत म्हणजे एका बाजूचा दीड हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. हॉटेलांवर अवलंबून राहायचं नाही, म्हणून काकांनी जीपमागे जोडायची दोन चाकांची ट्रॉली गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. ट्रॉलीवर लोखंडी पेटी, पेटीत तंबू, शेगडी, घरातला १४.२ किलोचा गॅस सिलेंडर, आणि दिवे, मोबाइल चालवायला १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची बॅटरी. जीप चालू असली की वायरीतून ही बॅटरी चार्ज होत राहते.

काका लिहितात, "पेटीच्या झाकणाला सगळीकडून रबर लावलं आहे. पाणी नाही, धूळ नाही, एकदम पॅक. सिलेंडर आणि बॅटरी शेजारी-शेजारी घट्ट बांधली आहेत. चालेल ना?"

काका, तुमची तयारी मनापासून आवडली. जीपच्या आत सिलेंडर ठेवला नाहीत, ही अर्धी लढाई तुम्ही जिंकलीच आहे. पण उत्तर सरळ देतो : नाही, असं चालणार नाही. आणि त्याचं कारण, तुम्हाला ज्याचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो, ते रबर लावलेलं घट्ट झाकण आहे.

आज एवढी एकच गोष्ट नीट समजून घेऊ. सिलेंडर आणि बॅटरीचा शेजार वाईट नाही. दोघांना एका बंद खोलीत कोंडणं वाईट आहे.

हा प्रश्न लहान का नाही

आधी दोन घटना सांगतो. घाबरवायला नाही, गोष्ट कुठपर्यंत जाते ते कळावं म्हणून.

पहिली पानिपतचीच. १२ जानेवारी २०२३, संक्रांतीच्या तोंडावरची सकाळ. पानिपत शहरात एका खोलीत आग लागली आणि आई, वडील आणि चार मुलं, असे एकाच घरातले सहा जण गेले. स्वयंपाकाच्या गॅसची गळती हे कारण तेव्हा सांगितलं गेलं. थंडीचे दिवस. अशा दिवसांत उत्तरेत दारं-खिडक्या बंदच असतात.

दुसरी प्रवासातली. २६ ऑगस्ट २०२३. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा एक खासगी डबा मदुराईच्या यार्डात उभा होता. रेल्वेत सिलेंडर न्यायला कायद्यानं बंदी आहे, तरी डब्यात सिलेंडर होता. पहाटे चहा करायला गेले आणि डबा पेटला. नऊ माणसं गेली. डबा चालत नव्हता, धडक नव्हती, घातपात नव्हता. बंद जागा, गॅस आणि एक ज्योत, एवढंच होतं.

या दोन्ही ठिकाणी कारण बॅटरी नव्हती. मग बॅटरी आली की काय वाढतं? ते बघायला आधी दोघांचा स्वभाव ओळखू.

गॅसचा स्वभाव : खाली बसणारा

आपल्या सिलेंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. परदेशात कॅम्पिंगच्या ट्रेलरवर बऱ्याचदा नुसत्या प्रोपेनच्या टाक्या असतात. स्वभाव दोघांचाही सारखाच.

सिलेंडरमध्ये हा गॅस दाबाखाली द्रव होऊन राहतो. बाहेर पडला की १ लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर वायू होतो. म्हणून थेंबभर गळती ही थेंबभर राहत नाही.

दुसरी गोष्ट, हा वायू हवेपेक्षा जड आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट, ब्युटेन दुप्पट. बाहेर पडला की तो पाण्यासारखा खाली उतरतो, तळाशी साचतो, खळग्यात बसून राहतो. घरात गॅस गळला तर तो ओट्याखाली आणि जमिनीलगत का असतो, ते यावरून कळेल.

तिसरी गोष्ट, हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला की पेटत नाही, कारण मग हवा कमी पडते. पण त्यावर विसंबू नका. झाकण उघडलं की बाहेरची हवा आत येते आणि मिश्रण परत पेटण्याजोगं होतं.

गॅसला स्वतःला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. हा वास आपला पहारेकरी. पण ट्रॉलीतल्या पॅक पेटीत गळती झाली, तर तो वास पुढे जीपमध्ये बसलेल्या कुणाच्या नाकाला लागणार?

बॅटरीचा स्वभाव : वर जाणारा

आता बॅटरी. आपली साधी इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे शिसं आणि पातळ केलेलं गंधकाचं आम्ल. त्यात आपण अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालतो. ते पाणी कुठं जातं? थोडं वाफ होतं, पण बरंचसं चार्जिंगच्या विजेनं फुटतं. त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो आणि तो झाकणाच्या भोकांतून बाहेर पडतो.

बॅटरी अर्धी रिकामी असताना हे फार होत नाही. भरत आली, १२ व्होल्टच्या बॅटरीवर १४.४ व्होल्टच्या आसपास दाब गेला, की आतलं पाणी बुडबुडायला लागतं. म्हणजे गाडी दिवसभर चालते, बॅटरी दुपारपर्यंत भरते आणि पुढचे चार-पाच तास चार्जिंग चालूच राहतं. हायड्रोजन सगळ्यात जास्त तयार होतो तो याच वेळी.

हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका. सुटला की तडक वर, झाकणाखाली जाऊन बसतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेत ४ टक्के झाला की पेटतो आणि ७५ टक्क्यांपर्यंत पेटतच राहतो. त्याला लागणारी ठिणगीही फार बारीक. एलपीजी पेटवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या दहाव्या हिश्शाहून कमी ऊर्जा त्याला पुरते. टर्मिनलची वायर सैल होऊन हललेली, एवढं निमित्त बास होतं.

तुम्ही म्हणाल, आमची सीलबंद जेल बॅटरी आहे, तिला पाणी लागत नाही. ती बरी. तिच्यात तयार झालेला वायू आतल्या आतच परत पाणी होतो. पण तिलाही वॉल्व्ह असतो आणि चार्जिंग जास्त झालं की तोही उघडतो. सीलबंद म्हणजे कधीच वायू न सोडणारी, असं नाही.

आणि लिथियम? लिथियम बॅटरी रोजच्या वापरात वायू सोडत नाही, हे खरं. पण ती ठेचली गेली, शॉर्ट झाली किंवा आतून बिघडली, तर प्रचंड तापते आणि ज्वालाग्राही वायू सोडते. तिला लागून सिलेंडर असेल, तर आपण सिलेंडरशेजारी एक शेगडीच ठेवली म्हणा ना. म्हणून लिथियम घेतली की अंतर ठेवायची गरज संपली, असं समजू नका.

काकांच्या पेटीचं गणित

आता दोघं एका पेटीत. काकांची पेटी साधारण एक मीटर लांब, साठ सेंटीमीटर रुंद आणि सत्तर सेंटीमीटर उंच. आतलं सामान वजा केलं तर अंदाजे ३०० लिटर हवा उरते.

या ३०० लिटरच्या ४ टक्के म्हणजे १२ लिटर. तेवढा हायड्रोजन जमला की पेटी धोक्यात. बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीत जास्तीचा १ अँपिअर तासभर गेला, तर प्रत्येक सेल साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन सोडतो. सहा सेलचा अडीच लिटर झाला. चार्जिंगवर ताबा ठेवणारं यंत्र बिघडलं आणि ५ अँपिअर जात राहिले, तर एका तासात साडेबारा लिटर. म्हणजे सोनीपतहून पानिपत गाठेपर्यंत काम झालं. सगळं ठाकठीक असून भरलेल्या बॅटरीत नुसता अर्धा अँपिअर जात राहिला, तरी दहा तासांत तेवढाच हायड्रोजन होतो. आणि रबर लावलेली पेटी तो सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही.

गॅसचं काय? ३०० लिटरच्या २ टक्के म्हणजे ६ लिटर वायू. त्याचं वजन जेमतेम १३ ते १४ ग्रॅम. दोन मोठे चमचे द्रव गॅस. रेग्युलेटर खाली रबरी वायसर झिजला असेल, तर दीड हजार किलोमीटरच्या खडखडाटात दोन चमचे गॅस जायला वेळ लागत नाही.

आता तिसरी गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा गॅस १ टक्काच आहे, म्हणजे पेटण्याच्या मर्यादेच्या निम्मा. आणि हायड्रोजन २ टक्के आहे, तोही निम्मा. वेगवेगळे असते तर दोघंही पेटले नसते. एकत्र आले की निम्मा अधिक निम्मा, पूर्ण होतो. मिश्रण पेटू शकतं. शिवाय हायड्रोजन असल्यामुळे ते आणखी बारीक ठिणगीनं पेटू शकतं.

कुणी विचारेल, एक खाली बसतो आणि एक वर जातो, मग भेटणार कुठं? स्थिर पेटीत थोडा वेळ वेगळे राहतीलही. पण चालत्या ट्रॉलीत प्रत्येक खड्ड्यागणिक आतली हवा ढवळली जाते. आणि वायू एकदा मिसळले की आपोआप वेगळे होत नाहीत.

आणि ठिणगी कुठून येणार? ती तर त्याच पेटीत आहे. बॅटरीचं सैल टर्मिनल, फ्यूज नसलेली वायर, झाकण उघडताच लागणारा दिवा. काढून ठेवलेला पाना हिसक्यानं दोन टर्मिनलवर आडवा पडला, तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. म्हणजे जळण, हवा आणि काडी, तिन्ही आपण एका डब्यात भरून, वर झाकण लावून, मागे ओढत नेतो आहोत.

आणखी एक हळू चालणारं नुकसान आहे. साध्या बॅटरीच्या भोकांतून आम्लाचा बारीक फवारा उडतो. तो रोज सिलेंडरच्या पत्र्यावर आणि वॉल्व्हवर बसला, तर धातू खातो. महिनोन् महिने ट्रॉली अंगणात तशीच उभी राहणार असेल, तर हेही ध्यानात ठेवा.

कारव्हॅनवाले काय करतात

अमेरिकेतल्या कॅम्पिंग ट्रेलरचे व्हिडिओ पाहणारे इथं विचारतील, "तिकडे तर ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर दोन प्रोपेनच्या टाक्या आणि त्यांना खेटून बॅटरी असते. ते कसं चालतं?"

चालतं, कारण तो दांडा उघड्यावर आहे. वारा सगळीकडून जातो. गॅस गळला तर खाली रस्त्यावर पसरून जातो, हायड्रोजन वर निघून जातो. दोघांना थांबायला जागाच नाही. शेजार आहे, पण एक खोली नाही.

जिथं टाकी बंद कप्प्यात ठेवावी लागते, तिथं नियम कडक आहेत. युरोपातल्या ईएन १९४९ या मानकाप्रमाणे गॅसच्या कप्प्याला तळाशी कायमचं उघडं भोक लागतं. तळाच्या क्षेत्रफळाच्या निदान २ टक्के आणि कमीत कमी १०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे साधारण तळहाताएवढं. कप्पा राहण्याच्या जागेपासून पूर्ण बंद असतो आणि त्यात ठिणगी पडेल असं काही ठेवत नाहीत. बॅटरीला स्वतःची वेगळी पेटी असते आणि तिचा वायू वरच्या बाजूनं बाहेर काढलेला असतो.

बघा, एकाला तळात भोक हवं, दुसऱ्याला छताशी. म्हणून एका पेटीला एक भोक पाडून दोघांचा प्रश्न सुटत नाही.

आपल्याकडेही हे आता परकं राहिलेलं नाही. मोटार कारव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कारव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कारखान्यात तयार झालेली गाडी घेतलीत तर हा विचार कुणीतरी आधीच केलेला असतो. गावात ट्रॉली बनवून घेतलीत तर तो आपल्याला करावा लागतो. आणि हो, काका, ट्रॉलीचीही आरटीओकडे नोंदणी लागते, ते निघण्याआधी बघून घ्या.

मग मांडणी कशी करायची

आता कामाचं बोलू. पेटी फेकून द्यायची गरज नाही.

पहिलं, घरचा सिलेंडर घरी ठेवा. १४.२ किलोचा घरगुती सिलेंडर फक्त घरच्या स्वयंपाकासाठी आहे, तो दुसरीकडे वापरणं नियमात बसत नाही. प्रवासासाठी ५ किलोचा छोटा सिलेंडर बाजारात मिळतो. तो पुरेल का? एक बर्नर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस घेतो. रोज तीन तास, सहा दिवस धरले तर पावणेतीन किलो. ५ किलो भरपूर झाला.

दुसरं, सिलेंडर पेटीच्या बाहेर काढा. जीप आणि पेटी यांच्यामध्ये, ट्रॉलीच्या पुढच्या दांड्यावर जाळीचा उघडा पिंजरा वेल्डिंग करून घ्या. तळालाही जाळीच, पत्रा नको. अगदी मागच्या टोकाला बसवू नका, मागून कुणी ठोकलं तर पहिला मार तिथं बसतो. सिलेंडर उभाच हवा. आडवा केला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरकडे येतो. बुडाशी आणि खांद्याशी, दोन ठिकाणी पट्ट्यानं आवळा. वर उन्हासाठी छोटं छप्पर चालेल. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळू नका, ती परत पेटीच झाली.

तिसरं, चालताना रेग्युलेटर काढलेला आणि वॉल्व्हवर सुरक्षा टोपी घट्ट बसवलेली असू द्या. दोरीला लटकणारी ती प्लास्टिकची टोपी आपण नवा सिलेंडर आला की फेकतो. फेकू नका. वायसर गळत असला तरी ती गॅस अडवते.

चौथं, बॅटरी पेटीतच राहू द्या, पण पेटीच्या मागच्या बाजूला, सिलेंडरपासून जास्तीत जास्त दूर. पेटीच्या दोन बाजूंना झाकणाच्या अगदी खाली, सगळ्यात वर, जाळीची भोकं पाडा. पावसासाठी बाहेरून वाकवलेला पत्रा लावा. हवा आत यायला खाली एक भोक असलं तर वरच्या भोकांतून वायू बरा निघतो. मात्र हे खालचं भोक सिलेंडरच्या बाजूला ठेवू नका.

पाचवं, बॅटरी पट्टीनं आवळा, टर्मिनलवर रबरी टोप्या घाला. धन टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा, म्हणजे पुढे वायर कुठंही घासली तरी वीज तुटेल. वायरी गॅसच्या पिंजऱ्यातून नेऊ नका. पाने, साखळ्या, भांडी बॅटरीच्या पेटीत मोकळी टाकू नका.

सहावं, बॅटरी लहान घेता येते का बघा. सहा मोबाइल आणि तीन-चार एलईडी दिवे यांना एका रात्री २०० ते ३०० वॅट-अवर खूप झाले. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,८०० वॅट-अवर असतात. तिच्या निम्म्याहून लहान बॅटरी पुरेल. वजन कमी, हायड्रोजन कमी.

शेगडी पेटवायची ती उघड्यावर, ट्रॉलीपासून दोन-तीन पावलं दूर आणि जीप बंद करून. नारिंगी सुरक्षा नळी वापरा, तिच्यावर छापलेली तारीख पाहा. जोडणी केल्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की गळती. काडी लावून गळती शोधायची नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

पानिपतची थंडी

साताऱ्याच्या थंडीवरून पानिपतचा अंदाज बांधू नका. जानेवारीच्या मध्याला तिथं रात्री पारा एक आकडी असतो आणि सकाळी दाट धुकं. या थंडीत गॅस आणि बॅटरी दोन्ही रुसतात. आणि माणूस चुका करतो त्या तेव्हाच.

प्रोपेन उणे ४२ अंशांनाही वायू होतो, पण ब्युटेन शून्याच्या जरा खालीच द्रव होऊन बसतो. आपल्या गॅसमध्ये ब्युटेनही असल्यानं थंडीत ज्योत बारीक होते, सिलेंडरला घाम येतो. मग कुणी त्यावर उकळतं पाणी ओततं, कुणी तो आडवा करतं, कुणी शेकोटीजवळ नेऊन ठेवतं. यातलं काहीही करू नका. झाकण ठेवून शिजवा, ज्योत मंद ठेवा, घाई करू नका.

थंडीत बॅटरीही कमी वीज देते. मग "रात्रभर चार्जरला लावून ठेवू" असं होतं. लावा, पण पेटीचं झाकण उघडं ठेवून आणि भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर घेऊन. लिथियम असेल आणि पुढे शिमल्याकडे जाणार असाल, तर शून्याखाली तिला चार्ज करायचं नाही.

आणि एक हात जोडून विनंती. थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत, गाडीत घेऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथं उभ्या कारव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साईड जमिनीतल्या फटीतून आत आला होता. त्याला वास नसतो. झोप लागते ती लागतेच. पांघरूण जास्त घ्या.

वास आला तर

गॅसच्या वासासारखा वास आला, तर नेमकं काय? इथं एक गफलत होते. शिशाची बॅटरी जास्त चार्ज होऊन तापली, की तिच्यातून सडक्या अंड्यासारखा वास येतो. लोकांना वाटतं सिलेंडर गळतो आहे. उलटही होतं. कुठला वास ते ओळखत उभं राहू नका. दोन्हीला पहिला उपाय एकच.

गाडी चालू असेल तर बाजूला घ्या, बंद करा. सगळे खाली उतरा, वारा जिकडून येतो तिकडच्या बाजूला लांब जा. कुठलंही बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. "आधी बॅटरीची वायर काढतो" असं कुणीतरी म्हणेल. त्याला अडवा. वायर काढतानाच ठिणगी पडते. फोन लांब गेल्यावर करा. गॅसगळतीसाठी १९०६ आणि आणीबाणीत ११२, हे दोन्ही क्रमांक देशात कुठंही लागतात. जवळ जाणं सुरक्षित असेल तरच सिलेंडरचा वॉल्व्ह बंद करा किंवा टोपी बसवा. पेटी हळू उघडून हवा खेळू द्या आणि वास पूर्ण गेल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

पेटीत ज्वाळा दिसल्या, तर सामान सोडा. तापलेला सिलेंडर फुटू शकतो. तंबू परत घेता येतो.

शेवटचं

काका, पानिपतजवळच इंडियन ऑइलची मोठी रिफायनरी आहे. जिथं गॅस तयार होतो, तिथं साधा दिवासुद्धा ठिणगी बाहेर येणार नाही अशा आवरणात बसवतात. टनावारी गॅस हाताळणारी माणसं विजेला गॅसपासून एवढी दूर ठेवतात. आपण ५ किलोसाठी एक पिंजरा आणि चार भोकं तर करू शकतो.

आणि खरं सांगू? मुरथळचे ढाबे दिवसरात्र चालू असतात. शेवटच्या टप्प्यात शेगडी पेटवायची गरजही पडू नये. पराठा खा, सिलेंडरला विश्रांती द्या.

मराठीत "पानिपत झालं" म्हणजे सगळं संपलं. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ आपण तो शब्द असाच वापरतो. त्या लढाईआधी फौजेची रसद तुटली होती, माणसं उपाशी होती. आज आपण रसद बरोबर घेऊन निघतो, हे चांगलंच आहे. फक्त ती रसद नीट बांधा. काला आंबला डोकं टेकवायला सहा जण निघालात, सहाही जण तिळगूळ घेऊन घरी परत या.

सिलेंडर खाली मोकळा, बॅटरी वर मोकळी, दोघांमध्ये अंतर. एवढं लक्षात ठेवा. पेटीत बदल करून झाले की कळवा, मला बघायला आवडेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.